रबार्बर

ऑर्हूसच्या बंदरात प्रेबेन क्रेन चालवायचा.
चाळीस चाळीस टन त्याच्या अंगठ्याला टांगलेले,
आणि खाली माणसं, मुंगीएवढी, बेफिकीर.
संध्याकाळी घरी येऊन तो हात धुवायचा,
बटाटे सोलायचा,
आणि गुरुवारी, फक्त गुरुवारी, म्हणायचा,
विबेके, आज?

त्या 'आज'पुढचं प्रश्नचिन्ह
आमच्या संसारातली सगळ्यात जुनी वस्तू.

मी हो म्हटलं तर वही निघायची.
काय चालेल, काय नाही, कुठवर.
डावा खांदा नको, तो गोदीत दुखावलाय.
आणि तळाशी, थांबायचा शब्द.
'नको' उपयोगाचं नव्हतं, नको म्हणायला त्याला आवडायचं,
म्हणून परसातलं एक आंबट, लाल देठांचं झुडूप
आम्ही मध्यस्थ म्हणून घेतलं: रबार्बर.

एकतीस वर्षांत तो शब्द चारदा उच्चारला गेला.
त्यातला एकदा, मी.
मारणाऱ्या हातालाही पुरे होतं,
हे मला त्या रात्री कळलं. त्याला आधीच ठाऊक होतं.
त्यानेच उठून दूध तापवलं.

डॉक्टर गुडमुंडसेनबाईंनी त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले.
लहानपणी कोण मारायचं?
कोणी नाही, तो म्हणाला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे,
त्यांचा आवाज टिकटिकीच्या वर गेला नाही कधी.
बाईंचं पेन कागदाच्या वर थांबलं,
कुठे उतरावं ते न समजलेल्या पाखरासारखं.
मग त्यांनी दुसरी किल्ली लावून पाहिली:
दिवसभर वजन उचलणाऱ्याला
रात्री कोणाच्या तरी हाती वजन सोपवायचं असतं.
मलाही हे आवडलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं.
मग तो निवृत्त झाला, क्रेन भंगारात गेली,
आणि गुरुवार येतच राहिला.

दरम्यान कधीतरी
आजारांच्या सरकारी यादीतून आमची ओळ खोडली गेली.
सोमवारी आजारी, मंगळवारी ठणठणीत,
औषधाचा एक थेंब न घेता.
प्रेबेनने त्या दिवशी केक आणला.
शेजारच्यांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस?

माझी बहीण आस्ता.
तिचा नवरा, लोक म्हणायचे, देवमाणूस.
आठवडेच्या आठवडे तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही,
आणि एकदा जिन्यात.
डॉक्टरांनी लिहिलं, मुका मार.
मी तो शब्द घरी घेऊन आले आणि पुष्कळ दिवस चघळत बसले.
आमचा बोलका होता.
आधी बोलायचो, मध्ये विचारायचो,
नंतर एका पांघरुणात, राईच्या ब्रेडचा चुरा सांडत,
पहाटेपर्यंत बोलायचो.

तरी माझ्या कपाटामागचा दोर सापडला
तेव्हा आस्तानेच मला फोन नंबर लिहून दिला, मदतकेंद्राचा.
तिने दोर पाहिला, गाठ पाहिली नाही,
एका बोटाने सुटणारी.
मी रागावले नाही. मार म्हणजे काय
हे आमच्या दोघींत तिलाच नीट ठाऊक होतं.
तो कागद अजून वहीत आहे.

मग स्वादुपिंड.
त्या दुखण्याने वही मागितली नाही.
आज? असं विचारलं नाही एकदाही.
डावा खांदाही सोडला नाही.
माझ्या हातचं इतकं सोसलेला माणूस
मॉर्फीनच्या दोन डोसांमध्ये लहान होत गेला,
आणि मूर्ख नातेवाईक म्हणाले,
त्याला तर सवय असेल.
(सांगितलं कुणी होतं त्यांना? आस्ताने? विचारलं नाही मी.)

मार्चमधल्या एका रात्री त्याने माझं मनगट धरलं
आणि स्पष्ट म्हणाला, रबार्बर.

मी उठले. दोन्ही हात वर केले,
थांबताना करायचो तसे.
पावलं मागे घेतली, भिंतीपर्यंत.
काहीच थांबलं नाही.

रात्रपाळीची मुलगी दारात होती, भली पोर.
तिने ऐकलं, आणि कुठून तरी, त्या अवेळी,
शिजवलेल्या रबार्बरची वाटी आणली, वर साय घालून.
मी अर्धा चमचा त्याच्या ओठांना लावला.
त्याने तोंड वाकडं केलं, आंबट.

वाटी परत नेताना ती म्हणाली,
आवडलं नाही वाटतं.