विषय: त्रेसष्ट बुशिंग

पहिला मसुदा रागातच झाला.
सुरुवातीला "वारंवार कळवूनही",
शेवटी "याची गंभीर नोंद घ्यावी",
आणि मध्ये मी, टाचा उंच करून उभी.
सीसीत अकरा जण:
खरेदी, स्टोअर्स, पुण्याचे मोठे साहेब,
त्यातला एक तर मार्चमध्येच नोकरी सोडून गेलेला.

अंबडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून
पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो.
डिसेंबरात तो चारलाच निळा पडायला लागतो.
चहा गार झाला होता. "पाठवा"वर बोट नेलं
आणि मिसळ आठवली.

गेल्या वर्षीची, पाथर्डी फाट्यापुढे, रविवारची.
समोरच्या बाकड्यावर येऊन बसले निंबा अहिरराव.
तीन लेथ, एक मिलिंग, दोन पोरं कामाला.
त्यांना असंच एक पत्र ठोकलं होतं मी,
इंग्रजीत, साडेतीन परिच्छेद.
वाटलं, आता हे बोलणार.
त्यांनी पापड मोडला, निम्मा माझ्या ताटात ठेवला,
तर्री मागवली.
हात धुऊन परत येताना म्हणाले,
"मॅडम, तुमचे मेल आमची तेजल वाचून दाखवते.
सातवीला आहे.
'निग्लिजन्स'ला अडली.
मग डिक्शनरीत बघून सांगितलं मला."
एवढंच.
माझेही पैसे देऊन गेले.

तेव्हापासून कुणालाही लिहिताना
आधी एक खोली उभी राहते.
सिडकोतली. ट्यूबलाइट, कुकरची दुसरी शिट्टी,
बाप भिंतीला टेकलेला,
बोटांच्या रेषांत कटिंग ऑइल,
मुलगी फोन धरून उभी
आणि तिच्या आवाजात माझी वाक्यं.
आता मी मराठीत लिहिते, ते स्वतःच वाचत असतील.
तरी आवाज तिचाच ऐकू येतो.

"वारंवार कळवूनही" खोडलं.
कळवलं होतं एकदाच, फोनवर,
तेही त्यांचं मशीन चालू असताना.
"गंभीर नोंद", म्हणजे कुठल्या वहीत? खोडलं.
अकरातले दहा काढले.
राहिला स्टोअर्सचा बोडके,
कारण माल त्यालाच उतरवून घ्यायचाय.

विषयाच्या ओळीत मी नेहमी "अत्यंत महत्त्वाचे" लिहायची.
आज लिहिलं:
त्रेसष्ट बुशिंग परत, भोक मोठं, सोमवारपर्यंत बदलून हवीत.

खाली:
अहिरराव, नमस्कार.
चारशे सतरापैकी त्रेसष्टांचं भोक चाळीस मायक्रॉनने मोठं आलंय.
बाकीची चांगली आहेत, लाइनवर गेली.
फोटो जोडलाय. गेज कुठे सैल जातो तिथे लाल खूण आहे.
सोमवारी दुपारपर्यंत जमेल का?
नसेल तर आजच सांगा, म्हणजे मला पुढे सांगता येईल.
यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटच्या ओळीशी थांबले.
खरी होती. तरी काढली.
कामाच्या पत्रात साखर घातली
की वाचणाऱ्याची बोटं चिकट होतात.

मग पाहिलं, फोटो खरंच जोडलाय का.
नव्हता.
जोडला.

साडेपाचला गेला मेल.
उत्तर रात्री पावणेदहाला आलं:
"मिळाला. ड्रिल गेलंय. मंगळवार."
ना नमस्कार, ना नाव.
सोमवार मागितला होता.

चारच शब्द. मी ते मोठ्याने वाचले,
माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी राहून.
कुठेच अडले नाही.

आता पुण्याच्या साहेबांकडे एक दिवस मागायचा आहे.
विषयाची ओळ अजून रिकामी आहे.