ओळख

कॉलेज रोड, झेरॉक्सच्या दुकानावरचा क्लास.
निकुंभ सर स्वतःबद्दल एवढंच सांगतात:
भद्रकालीत मामाच्या टपरीवर सात वर्षं किल्ल्या घासल्या.
कुलूप कधी फसत नाही,
फसतो तो घाईतला माणूस.

मग बागूल मॅडम. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर.
तीस वर्षं नोटांचे ताव उजेडात धरून
एखादी चुकलेली रेघ शोधली.
आता पडद्यावर बँकेचा खोटा मेल आला
की मान अजून तशीच तिरकी होते,
बोटं कागद चाचपायला जातात
आणि काचेवर थांबतात.

प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. एक जरा वाकडं.

शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारतं,
"मॅडम, तुम्हाला कधी कुणी फसवलं?"
पंखा फिरत राहतो.
"एकदा."
खडू ठेवत म्हणतात,
"अक्षर ओळखीचं होतं."