सव्वीस इंची

जुन्या बाजारात, बुधवारी,
तो माणूस ती किलोवर विकत होता.
मी खिशातलं चुंबक काढून नळीला लावलं.
टक्. चिकटलं.
'सोनं तपासताय का साहेब?'
म्हटलं, नाही, पोलाद आहे ना, एवढंच.
पाचशे वीसला ठरली,
एक पॅडल नसलेली, ब्रेक नावापुरते असलेली,
कधीकाळी डोंगर चढायला म्हणून जन्मलेली.

कसब्यातल्या जिन्यावरून वर नेताना
गोवंडेकाका दारातच उभे:
'एवढ्या खर्चात नवी आली असती.'
खर्च अजून सुरूही व्हायचा होता.

सीटची दांडी नळीत रुतून बसलेली.
बाहेर पोलाद, आत अ‍ॅल्युमिनियम,
वीसएक वर्षं एकमेकांना धरून
वेगळं होण्याची सवयच मोडलेली.
रॉकेल ओतून रात्रभर उलटी टांगली.
मग उकळतं पाणी, मग बर्फ,
मग शिव्या.
चौथ्या दिवशी कण्हत, तांबूस थुंकत
बोटभर बाहेर आली
आणि मी गॅलरीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

रंग खरवडला. वर मोरपंखी,
खाली कुणीतरी ब्रशने फासलेला पिवळा,
त्याखाली काळा.
आणि पॅडलच्या बेचक्याखाली, पोटाला,
खिळ्याने थेट धातूत कोरलेलं:
सुहृद भालेराव, ८ वी क.

विकली होतीस का रे? की चोरीला गेली?
पुढचे दोन दिवस
माझ्यावरच कुणाचा तरी संशय असल्यासारखा
मी दबकत वावरलो.

नाना पेठेत मुजावरांच्या शेडमध्ये
कॅरिअरसाठी कान जोडायचे होते.
'वेल्डिंग म्हणू नका,' ते म्हणाले,
'वेल्डिंगने नळी जळते.
हिला फक्त घाम फुटू द्यायचा.'
पितळेची काडी ज्योतीपाशी नेली,
ती मधासारखी सुटली
आणि कुणी न ढकलता सांध्यात शिरली.
पैसे विचारले तर म्हणाले, 'कुठे जाणार हिच्यावरून?'
मला उत्तर देता येईना.
त्यांनी मग दोनशेच घेतले.

छत्तीस आरे, प्रत्येकाचं मत वेगळं.
रात्री आगपेटीची काडी रिमपाशी धरून
चाक फिरवायचं, नखाने आरा छेडायचा,
ढब आवाज आला की पाव फेरा.
खालच्या मजल्यावरच्या सावनीने विचारलं,
काका, तुम्ही कुठलं वाद्य शिकताय?

बोहरी आळीतली ताडपत्री
एका छत्रीवाल्याने शिवून दिली, दोन पिशव्या.
'पाऊस आत येणार नाही.
पण आला, तर बाहेरही जाणार नाही.'
गिअर अंदाजाने लागणारा, जुना;
बोटाने थोडं पुढे, थोडं मागे,
रेडिओवर स्टेशन शोधल्यासारखा.
रंग: शेवाळी.
नावाची दोन इंच जागा सोडून.
तिथे नुसतं लॅकर.

रविवारी पहाटे तिला कात्रजचा घाट दाखवायला निघालो,
खरोखरचा.
दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो तांदूळ,
कारण सामान म्हणून दुसरं काही नव्हतं.
चढ लागला आणि सुरू झालं:
टक्.
दर फेऱ्याला एकदा.
उतरलो, पॅडल आवळलं, सीट आवळली,
साखळीची कडी न् कडी पाहिली.
बसलो. टक्.

बोगद्याच्या तोंडाशी चहावाला पोरगा म्हणाला, 'कुठवर?'
'बोगद्यापर्यंत.'
'मग एवढं सामान?'
'तांदूळ.'
त्याने मान हलवली, जसे इथून
रोज दहा जण तांदूळ घेऊन जातात.

आत शिरलो. अंधारात तो टक्
दगडी भिंतींवर आपटून दुप्पट.
पलीकडे मात्र एकदम उजेड,
आणि उतार,
पाय थांबले, आवाज थांबला,
नुसता वारा आणि टायरची हलकी भणभण,
शिंदेवाडी, शेतं, सातारा रस्ता,
हवा तेवढा सातारा रस्ता.

पण बायकोला दुपारी तांदूळ हवे होते.

जिन्याखाली गोवंडेकाका.
'किती झाला शेवटी खर्च?'
'पाचशे वीस.'
ते गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले,
बराच वेळ काही वाचत राहिले.
'आणि हा भालेराव?'
मी पिशवीची गाठ सोडवत होतो.
'येईल,' म्हटलं. 'तोवर मी चालवतोय.'