अनामत

सॉल्टकोट्समध्ये फेब्रुवारीत आइस्क्रीम खाणारे
एकतर लहान असतात, नाहीतर हट्टी.
एर्सीलिया बियाजोनी दोघांसाठीही दुकान उघडं ठेवायची.
शाळा सुटल्यावर मी तिथे कप विसळायचे.
पाटी तिच्या वडिलांच्या हातची;
समुद्राचा वारा रोज तिचा एखादा पोपडा घेऊन जायचा,
आणि ती रोज म्हणायची, रंगवायला हवी.

डूगल ऑख्टरलोनी आला तो मागच्या दाराने,
सवयीने.
तीस वर्षं दर गुरुवारी त्याने याच पायरीवर
क्रेट उतरवले होते :
लेमनेड, क्रीम सोडा, आणि ते तिसरं,
कारखान्याने ज्याला लांबलचक नाव दिलं होतं
पण गावात सगळ्यालाच म्हणायचे जिंजर,
आलं औषधालाही नसलं तरी.
रंग, पावसात राहिलेल्या बिजागरीचा.
चव विचारू नका.
संत्र्याने लोखंडाशी लग्न केलं
तर पहिल्या वर्षी जी भांडणं होतील, ती.

कारखान्याला टाळं लागून अकरा वर्षं झालेली.
तिथे आता गालिचे विकतात.

हातात पाच लिटरचा कॅन.
"शेवटच्या दिवशी जो तो काहीबाही उचलत होता.
कुणी घड्याळ नेलं. मी हा अर्क.
डॉक्टर म्हणतो साखर बंद,
मुलगी म्हणते गॅरेज रिकामं कर.
तूच बघ याचं काय ते."

पहिला घाणा बसला.
साखर इतकी, की यंत्र फिरून फिरून दमलं
आणि हाती आला चिखल.
दुसऱ्यात पाणी वाढवलं. काच झाली,
दाताखाली कर्रकन वाजणारी.
मग तिने वडिलांची रीत काढली :
धुतलेलं अंडं पाकात सोडायचं.
तळाला गेलं तर गोडी कमी,
फार उताविळीने वर आलं तर जास्त.
अंडं हळूहळू वर आलं, थांबलं,
त्याचं टक्कल तेवढं दिसलं
एका नाण्याएवढं.
"हं," ती म्हणाली. एवढंच.

बुडबुडे मात्र गेले.
सोडा ओतून पाहिला, झाकण आवळून पाहिलं,
रात्री दोनला उठून पाहिलं.
रंग राहिला, वास राहिला,
नाकात चढणारी ती सुई नाही राहिली.

डूगलने लाकडी चमचा बराच वेळ तोंडातच ठेवला.
"ढेकर येत नाही."
"नाही येणार."
"मग हे जिंजर नव्हेच,"
असं म्हणून त्याने कप पुढे केला,
अजून घाल म्हणून.

जाताना एक डबा भरून नेला. डॉक्टरला सांगू नका.

आमच्या वर्गातली पोरं जीभ केशरी करून हिंडली.
त्यांना ते संत्र्याचं वाटलं.
मलाही, खरं सांगायचं तर.

पुढच्या गुरुवारी तो परत आला, मागच्याच दाराने.
रिकामा डबा, स्वच्छ विसळलेला,
फळीवर ठेवला आणि उभाच राहिला.
"अजून हवंय?"
"नको."
डबा बोटाने जरासा पुढे सरकवला.

एर्सीलियाने त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं,
गल्ला उघडला
आणि वीस पेन्सचं नाणं काढून दिलं.
त्याने ते दोन्ही बाजूंनी नीट तपासलं,
खिशात टाकलं, टोपीला हात लावला, गेला.

त्या दिवशीची वही मी पाहिली आहे.
दूध, वीजबिल, कोन दोन पेट्या,
आणि खाली तिच्या तिरक्या अक्षरात :
परत आलेली बाटली, एक.