शेरा

दुर्मिळ विभागात मोबाइल बाहेर ठेवायचा,
पेन बाहेर, पाण्याची बाटली बाहेर.
आत फक्त शिसपेन्सिल आणि आपण.
उत्तेकर कुलूप काढतात. वेखंडाचा वास
आधी बाहेर येतो, मग पोथ्या.

आज रुमाल क्रमांक चाळीस.
घोड्यांची औषधं. मोडी, बोरूची ओढ,
आणि कसरीनं खुरांपासून पोटापर्यंत
खाल्लेला एक अख्खा घोडा;
मान तेवढी शिल्लक,
कान अजून टवकारलेले.

शेवटच्या पानावर देवाचं नाव,
शके १७०९, प्लवंगनाम संवत्सर,
आणि त्याखाली, बारीक, घाईत:
हस्ताक्षर गिरमाजी. मजुरी रुपये दीड येणे बाकी.

विद्यापीठ चौकात खोदकाम चालूच आहे,
कपाटाची काच थरथरते.
मोडीत कधी कधी नुसती ओढच आकडा वाटते,
म्हणून भिंग धरून पुन्हा बघते.
दीडच.

माझा करार मार्चमध्ये संपला.
एप्रिल, मे, आता जून अर्धा;
फाइल फिरतेय म्हणतात,
गणेशखिंडीत तिला रस्ता सापडत नसावा.

उत्तेकर चहा झाकून बाहेरच ठेवतात,
दारातून विचारतात, "काय सापडलं मॅडम, खजिना?"
"उधारी."
ते हसतात. मीही.

नोंदवहीचे रकाने: पाने, आकार, लिपी, अवस्था.
अवस्थेत लिहिते: घोडा जीर्ण, कान शाबूत.
मग शेरा.
तिथं पेन्सिल जरा दाबून:
मजुरी येणे बाकी.

कुणाची, ते लिहायला
रकान्यात जागा नव्हती.