भोंगा

वूच शहर. एकतीस वर्षं मागापाशी उभी राहिलेली बोगुमिवा
आज टेबलावर आडवी, पट्ट्यांनी बांधलेली.
टेबल हळूहळू उभं करतात.
"तुम्ही काही करू नका," डॉक्टर म्हणतात,
"शरीर काय करतं ते बघू."

शरीर करतंच आलंय, न विचारता.
ती झोपली तरी आत कुणी बाई रात्रपाळीला असते,
नळ्या आवळते, सैल सोडते,
काळजाला म्हणते, चल.

पोटरीवरच्या निळ्या गाठी बघून
शिकाऊ पोरगा म्हणाला, सुताचा गुंताच जणू.
सूत मला नको शिकवूस, ती म्हणाली,
सूत ताणलं की सरळ होतं.
ही आमची वूत्का नदी,
भुयारात घातलेली. वर रस्ता झाला,
म्हणून वाहायची थांबली का?

सत्तर अंश.
रक्त पायांत उतरतं, परतीच्या झडपा कधीच्या ढिल्या,
आणि आकडा घसरायचा तर चढतो:
एकशे साठ. एकशे ब्याऐंशी.
डॉक्टर चष्मा पुसतात.

बोगुमिवाला नवल नाही.
उभं केलंत ना.
उभं केलं की भोंगा होतो;
गिरणी बंद झाल्याचं
आतल्या बाईला
कुणी सांगितलंच नाही.