शिल्लक

शुवैखला, टायरवाल्यांच्या गल्लीत आमचं ऑफिस :
खाली बेअरिंगं, वर हिशेब.
अबू फहद म्हणाले, गुरुवारपर्यंत सांग
कुठलं घ्यायचं.

तीन कंपन्यांची तीन माणसं येऊन गेली.
पहिल्यानं पडद्यावर रंगीत गोल फिरवले.
दुसरा म्हणाला, एक ओळ लिहावी लागणार नाही, मॅडम,
नुसतं ओढायचं आणि सोडायचं.
तिसऱ्यानं माणशी, महिन्याला किती दिनार ते पुटपुटलं
आणि चहा न घेताच गेला.
मी तक्ता केला, डावीकडे गुण, उजवीकडे दोष.
मग लक्षात आलं, साहेब उजवीकडून वाचतात.

सध्याचं आहे ते फॉक्सप्रोमधलं, काळ्या पडद्याचं.
त्याच्यासाठी एक म्हातारं यंत्र जगवून ठेवलंय,
जूनमध्ये आमच्याआधी त्याला एसी.
कोणी लिहिलं?
होता कोणी इंडियन. गेला.
इथे प्रत्येकाबद्दल शेवटी एवढीच नोंद उरते.

काल रात्री, सगळे गेल्यावर, ते उघडून बसले.
रकान्यांची नावं रोमन अक्षरांत, पण आपली :
माल, शिल्लक, उधारी, बुडीत.
बुडीत वाचून एकटीच हसले.
खाली, आठशे चाळिसाव्या ओळीपाशी, टीप :
'इथे हात लावू नये. का ते मलाही कळलेलं नाही,
पण लावला की जमेचं नावे होतं. – अ. शं. घा., रमजान ९४.'
मी हात लावला नाही.

सकाळी कासमभाईंना विचारलं.
कासमभाई मुकादम, श्रीवर्धनचे, गोदामात बत्तीस वर्षं.
'घाणेकर! जेवताना पण आकडे बोलायचा.
पोरीच्या लग्नाला गेला, तो परत आलाच नाय.'
मग त्यांनी आपली चोपडी काढली.
एकाच बेअरिंगची तीन नावं :
खोक्यावरचं, मिसरी मेकॅनिक मागतो ते,
आणि आपला शाजी हाक मारतो ते.
'बाय, तुझं मशीन काय आणशील ते आण,
पण ह्या तिघांनाही त्यात जागा ठेव.'

मागची पानं उलटली.
ऑगस्ट नव्वदच्या एक तारखेपर्यंत दाटीवाटीनं नोंदी,
आणि मग कोरी पानं. सात महिन्यांची.
वर फक्त तारखा, नंतर बसून घातलेल्या, एकाच शाईत.
म्हटलं, इथे शून्य का नाही लिहिलंत?
चष्मा पुसत राहिले.
'शून्य म्हणजे मोजलं आणि काय नव्हतं.
मोजायलाच कोण नव्हता, त्याला शून्य कसं म्हणू?'

दुपारी मी तिघांनाही फोन केला, एकच प्रश्न घेऊन :
रकाना रिकामा सोडला तर तुमचं काय करतं?
ओढासोडावाला आनंदानं म्हणाला,
काळजी नको, आपोआप शून्य भरतं.
रंगीत गोलवाला म्हणाला, रिकामं ठेवता येतं,
फक्त गोल जरा वाकडा दिसेल.
तिसरा गप्प झाला. मग म्हणाला, राहू देतं.
राहू देतं, आणि बेरीज करताना विचारतं.
आणि उद्या सोडून जायचं झालं तर?
सगळं साध्या फाइलींत बाहेर काढून देतं,
कुणालाही वाचता येईल असं.
दिसायला मात्र भुरकट आहे, मॅडम, आधीच सांगतो.

भुरकट चालेल.
साहेबांना एका ओळीत लिहून टाकलं.
पैशांवरून अजून घासाघीस होईल, ती होऊ दे.
आठशे चाळीस नंबरची ओळ तशीच्या तशी
वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. कळेल कधीतरी.

घाणेकरांना त्या काळी देवनागरी मिळाली नाही.
मला मिळते. चाचणीच्या तक्त्यात
पहिली टीप घातली, जो कोणी नंतर येईल त्याच्यासाठी :
'एका मालाला तीन नावं असतात, चूक समजून खोडू नयेत.
रिकामं दिसेल ते रिकामंच ठेवावं.
शंका आल्यास कासमभाईंना विचारा,
त्यांचा अकामा मार्चपर्यंत आहे.'